ओझं उतरल्यावर सुटणारी गाठ

मराठीत गाठीच्या मुख्य जाती दोनच. शेव ओढली की सुटते ती सुरगाठ, आणि नखं तुटेपर्यंत झटलं तरी सुटत नाही ती निरगाठ. मोल्सवर्थच्या 1857 च्या कोशात हे शब्द आहेत आणि परकराच्या नाडीला निरगाठ बसली की आजही घराघरांत तोच शब्द तोंडी येतो. या नावांपाशी थोडं थांबायला हवं. इंग्रजी जहाजांवरच्या बऱ्याच गाठींची नावं कामावरून पडली आहेत: ही अमक्या दोराची, ही शीड आखडायची, ही ओंडका ओढायची. मराठीनं मात्र गाठीला पहिला प्रश्न विचारला तो पुढे ती सुटेल का, हा. गाठींच्या इतिहासालाही हाच प्रश्न लावून पाहावा असं मला वाटतं. एरवी हा इतिहास ताकदीचा म्हणून सांगितला जातो: कोणती गाठ किती वजन पेलते, कोणती सरकत नाही. पण जड ओझ्याशी ज्यांचा रोजचा व्यवहार होता त्या धंद्यांनी गाठी पारखल्या त्या मुख्यतः ओझं उतरल्यानंतरच्या क्षणासाठी. नुसती धरून ठेवणारी गाठ कुणालाही मारता येते. दिवसभर टनावारी ओढ सोसून संध्याकाळी बोटांनी उकलणाऱ्या गाठी मोजक्याच आहेत, आणि पिढ्यान् पिढ्या नेमानं शिकवल्या गेल्या त्या याच.

याचा सर्वांत भरघोस पुरावा शिडाच्या जहाजांवर सापडतो. नेल्सनच्या 'व्हिक्टरी' या युद्धनौकेवर एकूण सुमारे 26 मैल लांबीचे दोर होते असं सांगतात. इंग्लंडमधल्या चॅटहॅमच्या गोदीत अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेली दोर वळण्याची इमारत 346 मीटर लांब आहे, कारण लांब दोर अखंड वळायचा तर पेड त्याहून लांब पसरावे लागतात. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या जमशेटजी बोमनजींनी सागवानात बांधलेली 'ट्रिंकोमली' ही फ्रिगेट 1817 मध्ये पाण्यात उतरली. ती आज इंग्लंडात हार्टलपूलला जतन करून ठेवली आहे. अशा जहाजाच्या डेकवरून वर पाहिलं तर डोळ्यांत भरतं ते दोरांचं जंगल. पण त्या जंगलात गाठी शोधू लागलं की त्या फारच थोड्या निघतात. डोलकाठी ज्यांच्या बळावर उभी राहते ते जाड दोर गाठीनं बांधलेले नसतात. त्यांचे पेड उलगडून एकमेकांत गुंफलेले असतात, याला जहाजी भाषेत स्प्लाइस म्हणतात; किंवा दोरांचे दोन भाग शेजारी धरून बारीक दोरीचे आवळ वेढे देऊन एकजीव केलेले असतात. हे काम एकदा करायचं आणि वर्षानुवर्षं तसंच राहू द्यायचं. आता ताकदीचा हिशेब पाहा. चांगल्या स्प्लाइसनं दोराची बहुतेक सगळी ताकद टिकते. गाठ मारली की दोर तीव्र कोनात मुरडतो आणि ढोबळमानानं एकतृतीयांश ताकद तिथेच जाते. नुसती ताकद हवी असती तर खलाशांनी जहाजभर स्प्लाइसच केले असते. कमजोर असूनही त्यांनी गाठ पत्करली ती जिथे दोर पुन्हा सोडायचा होता तिथेच. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आणि अरबी समुद्रात शतकानुशतकं चाललेल्या शिवलेल्या जहाजांतही हीच विभागणी दिसते. फळ्या काथ्यानं टाके घालून शिवायच्या, ते टाके कधी सुटू नयेत म्हणून भोकं बुजवून टाकायची; पण शिडाचा दोर हाताला येईल असा, सोडता येईल असाच बांधायचा.

या निवडीचा सर्वांत प्रसिद्ध नमुना म्हणजे बोलाइन. हे नाव मुळात गाठीचं नसून दोराचं आहे. चौकोनी शिडाची वाऱ्याकडची कड फडफडू नये म्हणून ती पुढच्या बाजूला ताणून धरणारा तो दोर. तो ज्या गाठीनं शिडाच्या कडेला अडकवायचे ती बोलाइनची गाठ. व्हर्जिनियाच्या वसाहतीमुळे नाव झालेल्या जॉन स्मिथनं 1627 मध्ये जहाजी शब्दांवर पुस्तक लिहिलं, त्यात या गाठीची तारीफ आहे. ती सरकण्याआधी दोर तुटेल किंवा शीड फाटेल, अशा अर्थाची. इथे कुणी म्हणेल की हा पुरावा माझ्या म्हणण्याच्या उलट जातो, कारण स्मिथनं कौतुक केलं ते धरून ठेवण्याचं. पण न सरकणाऱ्या गाठी तेव्हाही ढिगानं होत्या. साधी एकेरी गाठ दुहेरी दोरात मारून फासा केला तर तोही सरकत नाही. फरक पडतो तो शीड उतरवताना. ताग आणि भांगेच्या धाग्यांसारखे नैसर्गिक धागे भिजले की फुगतात, दोर जाड होतो आणि लांबीला आखूड होतो, म्हणजे गाठ पाण्यानंच आवळली जाते. आठवडेच्या आठवडे वारा आणि खारं पाणी खाल्लेला तो एकेरी फासा मग कापूनच काढावा लागतो. बोलाइन त्याच अवस्थेत हातानं सुटते.

ती का सुटते हे जवळून पाहण्यासारखं आहे. बोलाइनमध्ये ओढ सोसणाऱ्या दोरालाच एक लहान वेटोळं असतं. मोकळी शेव त्या वेटोळ्यातून वर येते, ताणलेल्या दोराला मागून वळसा घालते आणि त्याच वेटोळ्यातून परत खाली जाते. ओढ वाढते तसं वेटोळं शेवेला चिमटतं, म्हणजे जितकं ओझं तितकी पकड. पण मागून गेलेल्या त्या वळशावर, त्या कमानीवर, ओझ्याचा फार थोडा भाग येतो. ओझं उतरलं की अंगठ्यानं ती कमान ताणलेल्या दोरावरून मागे ढकलायची. कमान थोडी हलली की तिच्यातून बोटभर ढील मिळते, ती ढील वेटोळ्यात जाते आणि पकडच नाहीशी होते. एकेरी गाठीत अशी हलकी जागा कुठेच नसते. प्रत्येक वळण दुसऱ्या वळणाला दाबत असतं आणि आत शिरायला बोटाला फट सापडत नाही. जहाजावर अशा गाठींसाठी मार्लिनस्पाइक नावाची अणकुचीदार लोखंडी सळई आणि लाकडी सुळा जवळ बाळगत. ही हत्यारं मुख्यतः स्प्लाइस करताना पेड फाकवायला होती, पण आवळलेली गाठ उकलायलाही तीच कामाला येत. म्हणजे अडकलेली गाठ ही रोजची अडचण होती. शिकवायच्या गाठी निवडताना ती डोक्यात नसेल असं मानणं कठीण आहे.

ओझं एका जागी साचू न देता ते वाटेतच उतरवायचं, हा या सगळ्या गाठींचा गाभा आहे. दोर खांबाला वेढला की घर्षणानं ताण कमी होत जातो, आणि तो बेरजेनं कमी न होता पटीनं कमी होतो. लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञानं अठराव्या शतकात हे सूत्रात मांडलं. घर्षणाचा गुणांक 0.3 धरला तर एका पूर्ण वेढ्यानंतर दोराच्या दुसऱ्या बाजूचा ताण सुमारे साडेसहा पटीनं उतरतो; तीन वेढ्यांनंतर तो सुमारे 285 पटीनं उतरतो. म्हणून धक्क्यावरच्या खुंट्याला आधी दोन-तीन वेढे आणि मग वर दोन साधे अडके, अशी नाव बांधण्याची जगभरची रीत आहे. नावेची सगळी ओढ वेढे खातात, अडक्यांपर्यंत नखभर पोचते, म्हणून अडके कायम सैल आणि सुटायला तयार राहतात. ओंडका ओढताना शेव स्वतःच्याच दोराभोवती तीन-चारदा पिळायची गाठ याच तत्त्वावर चालते. ओढ आहे तोवर पीळ ओंडक्यावर दाबला जातो. ओढ थांबली की तो पीळ जवळजवळ आपोआप उलगडतो. जाडजूड दोन दोर जोडायचे तर खलाशी कॅरिक बेंड मारत. त्यात दोर कुठेही चिमटीत मुरडत नाही, ऐसपैस वळणं घेत जातो, म्हणून मनगटाएवढा दोर भरपूर ताण सोसूनही जखडत नाही. उलट उदाहरण विणकराच्या मागावर मिळतं. ताण्याचा तुटलेला धागा ज्या गाठीनं जोडतात ती रचनेनं बोलाइनचीच बहीण, पण बारीक सुतात ती मारली की पुन्हा सुटत नाही आणि सुटावी अशी अपेक्षाही नसते. आकार एकच, फक्त दोराची जाडी बदलली, आणि सुरगाठीची निरगाठ झाली. म्हणून एखाद्या गाठीला नुसतं 'सुटणारी' म्हणून चालत नाही. कोणत्या दोरात, कोणत्या ओझ्याखाली, हे सोबत सांगावं लागतं.

ओझं अंगावर असतानाच सोडायचं असेल तर मात्र गाठीचं काम संपतं. बोलाइनसुद्धा ताणाखाली सुटत नाही, आणि तशी सुटू नये हेच तिचं मोल आहे. अशा ठिकाणी माणसानं खुंटी वापरली. जहाजाच्या कडेला फळीच्या भोकांतून लाकडी खुंट्या उभ्या असत आणि शिडाचे दोर त्यांच्याभोवती आठाच्या आकड्यात गुंडाळलेले असत. घाईच्या वेळी खुंटी उपसली की सगळे वेढे एकदम गळून पडत. मराठी शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. जुवाच्या दोन्ही टोकांना शिवळा असतात आणि बैलाच्या मानेखालचं जोतं शिवळेत अडकवलेलं असतं. बैल अडखळून पडला तर दोराशी झटत बसायला वेळ नसतो. जोतं शिवळेवरून निघालं की जनावर मोकळं होतं. मोटेचा नाडाही दिवसभर पाण्यानं भरलेलं चामडं विहिरीतून खेचायचा आणि दिवस मावळताना जुवापासून मोकळा व्हायचा. तिथे निरगाठ बसून कसं चालेल?

जू आणि खुंटी यांची जगातली सर्वांत प्रसिद्ध गोष्ट गॉर्डियमची आहे. ही गाठ झाडाच्या सालीच्या दोरीची होती आणि ती होती एका गाडीवर, जू आणि दांडी यांच्या सांध्याशी. इ.स.पू. 333 मध्ये अलेक्झांडरनं ती तलवारीनं तोडली, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्याच्याबरोबर मोहिमेत असलेल्या ॲरिस्टोब्युलसनं वेगळी हकिकत लिहून ठेवली होती, ती प्लुटार्क आणि अ‍ॅरियन यांनी नोंदवली आहे: अलेक्झांडरनं दांडीतली खुंटी उपसली, तिच्यामुळेच गाठ धरलेली होती, आणि जू वेगळं झालं. बैलगाडी पाहिलेल्या माणसाला ही दुसरी हकिकतच खरी वाटेल. गाडी हाकणाऱ्या समाजात जू कायमचं जखडून टाकायची रीत असणं शक्यच नव्हतं.

तरीही तलवारीच्या बाजूनं एक रास्त आक्षेप उरतो: गाठ अडकली तर कापून टाकावी, त्यात एवढं काय? आज बाजारात नायलॉनची दोरी किलोवर मिळते, म्हणून हा प्रश्न सहज सुचतो. दोर हाती वळला जायचा तेव्हा तो कुणाला सुचला नसता. आपल्याकडे घायपाताचा वाख काढणं, अंबाडी कुजवणं, सोलणं, झोडणं, पेड पिळणं, मग तीन पेड एकत्र वळणं हे मातंग समाजातल्या कारागिरांचं अंगमेहनतीचं काम होतं, आणि कासरा, दावं, नाडा, चऱ्हाट यांची प्रत्येकाची लांबी ठरलेली असे. नाड्यातून हातभर तुकडा कापला तर तो मोटेला पुरत नाही. मग जोड द्यायचा, जोडाची गाठ चाकावर अडकायची, आणि चाकावर अडकलेला दोर झिजून तुटायचा. जहाजावर तर दोर फाटून निकामी झाला तरी टाकत नसत. जुन्या दोराचे धागे सोडवून त्याचा बोळा करत आणि डांबराबरोबर फळ्यांच्या फटींत ठोकत. इंग्लंडच्या तुरुंगांत आणि गरिबांसाठीच्या वर्कहाउसांत धागे सोडवायचं हे काम कैद्यांना आणि गरिबांना लावलं जाई. जिथे चिंधीलाही किंमत आहे तिथे चांगला दोर कापणं हा तोटा होता. पैशाआधी वेळेचाही प्रश्न होता. वादळ येत असताना शीड आवरायला जे अर्धं मिनिट मिळतं त्यात सुरी शोधत बसता येत नाही, आणि कापलेला दोर पुढच्या क्षणी पुन्हा बांधता येत नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप सुरक्षिततेचा आहे. जी गाठ सहज सुटते ती नको तेव्हाही सुटेल, ही भीती खोटी नाही. रीफ नॉट म्हणजे चौकोनी गाठ हे याचं भयानक उदाहरण आहे. शीड आखडून त्याच्या कडेच्या दोऱ्या या गाठीनं बांधत, कारण एका शेवेला हिसका दिला की ती उलटून सरळ सुटते आणि शीड पुन्हा पसरता येतं. पण याच गुणामुळे ती दोन दोर जोडायला वापरली तर जीव घेते. अमेरिकेतल्या न्यू बेडफर्डचे चित्रकार क्लिफर्ड ॲशली यांनी 1904 मध्ये देवमाशांच्या शिकारीच्या जहाजावरून प्रवास केला, पुढे आयुष्यभर गाठी जमवल्या आणि 1944 मध्ये 3800 हून अधिक नोंदींचा ग्रंथ छापला. त्यांनीसुद्धा या गाठीच्या गैरवापरानं झालेल्या मृत्यूंबद्दल कडक इशारा दिला आहे. गिर्यारोहकांनीही धडा घेतला. पूर्वी ते कमरेला बोलाइन बांधत. ताठ, गुळगुळीत कृत्रिम दोर आले, आणि ओढ नसताना, नुसत्या हालचालीनं, बोलाइन सैल होऊ लागली. मग बहुतेकांनी आठाच्या आकड्याची गाठ धरली. ती सैल होत नाही आणि जोडीदाराला एका नजरेत बरोबर की चूक ते कळतं. पण गिर्यारोहक जोरात पडला की ती इतकी आवळते की सोडवताना बोटं सोलतात. मला हे उदाहरण माझ्या मताच्या विरुद्ध वाटत नाही. गिर्यारोहकाची गाठ बहुतेक वेळ मोकळी असते आणि ओझं तिच्यावर अचानक, कदाचित एकदाच येतं. त्या एका वेळेसाठी सोडवण्याचा त्रास पत्करणं शहाणपणाचं आहे. गोदीतला हमाल मात्र दिवसातून शेकडो वेळा आकड्याला दोर अडकवतो आणि सोडवतो. त्यानं निवडलेली 'मांजराचा पंजा' ही गाठ दोराला दोन्ही बाजूंनी पीळ देऊन आकड्यात घालायची असते, आणि आकड्यावरून उतरली की हातात नुसता दोर उरतो. आणि त्याच गिर्यारोहकांनाही दोराच्या मध्यावर फासा हवा असतो, दिवसभर ओढला तरी सुटेल असा. त्यासाठी त्यांनी वेगळी गाठ घेतली: 1928 मध्ये राइट आणि मागोवन यांनी ब्रिटनच्या गिर्यारोहण नियतकालिकात 'बटरफ्लाय'ची शिफारस केली, तिन्ही बाजूंनी ओढ सोसूनही सुटणाऱ्या गाठीची.

गाठींचा इतिहास लिहिताना एक सावधगिरी मात्र बाळगायला हवी: चांगल्या गाठीला चांगली गोष्ट चिकटते. झेपेलिन बेंड ही दोन दोर जोडायची अत्यंत सुटसुटीत गाठ, प्रचंड ताणानंतरही हातानं सुटते. ती अमेरिकन नौदलाच्या हवाई जहाजांना बांधायला सक्तीनं वापरत, ही हकिकत 1976 मध्ये एका नौकानयनाच्या मासिकातून पसरली आणि तिच्या पुराव्याबद्दल पुढे बऱ्याच शंका निघाल्या. 1978 मध्ये लंडनच्या 'टाइम्स'नं एडवर्ड हंटर या डॉक्टरांची 'नवी' गाठ पहिल्या पानावर छापली, आणि मग कळलं की फिल स्मिथ यांनी ती आधीच लिहून ठेवली होती. त्या गाजावाजातून 1982 मध्ये गाठी बांधणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. अशा गोष्टींत कोण पहिला, यापेक्षा मला एक समान धागा महत्त्वाचा वाटतो. विसाव्या शतकात ज्या नव्या गाठींबद्दल लोक हिरिरीनं बोलले, त्या जुन्यांपेक्षा मजबूत आहेत म्हणून फारसं कुणी भांडलं नाही. त्या जखडत नाहीत, हे सगळ्यांनी आवर्जून सांगितलं.

एकोणिसाव्या शतकात, 1834 मध्ये, जर्मनीतल्या हार्झच्या खाणींत विल्हेल्म आल्बर्टनं लोखंडी तारांचा दोर वळला आणि जड ओझं हळूहळू गाठीपासून दुरावलं, कारण तारेला गाठ मारता येत नाही. पण तारेच्या टोकाला जो शॅकल आला तो म्हणजे यू आकाराचं कडं आणि त्यात आडवी खीळ. ओझं उतरलं की खीळ काढायची. नायलॉन 1935 मध्ये आलं, त्याचा दोर ताणाखाली लांबतो आणि ओझं उतरलं की परत फुगून गाठीला आतून आवळतो, त्यामुळे सुटणाऱ्या गाठीची गरज उलट वाढली. ती गरज आज सर्वांत उघडपणे दिसते महामार्गावर, ट्रकच्या ताडपत्रीवर. दोराच्या मध्यावर हमाल एक सरकता फासा काढतो, दोर खालच्या हुकातून घालून त्या फाशातून वर घेतो आणि अंगाचा भार टाकून खाली ओढतो. फासा कप्पीसारखा चालतो आणि एका माणसाच्या ओढीनं ताडपत्री ढोलासारखी ताणली जाते. तो ताण तसाच धरून फाशापाशी अर्ध्या वळणाची सुरगाठ, शेव दुमडून बाहेर काढलेली. चारशे-पाचशे किलोमीटर हादरे खाल्ल्यावर माल उतरवायच्या जागी दुसरा हमाल ती शेव ओढतो. सुरगाठ जाते, दोर हुकातून सरसरत निघतो, आणि मधला फासा दोन्हीकडून ताणला की नाहीसा होतो. हातात राहतो तो सरळ, अखंड दोर. तो अंगठा आणि कोपराभोवती गुंडाळत हमाल पुढच्या हुकाकडे जातो.